‘कामगार’ : एका कायदेशीर संज्ञेची चिकित्सा

१

कायद्याचा ग्रंथ हाती घेणारा सामान्य वाचक त्यातील हक्कांची कलमे प्रथम शोधतो. ज्याचा कायद्याच्या भाषेशी परिचय आहे तो त्याआधी व्याख्यांचे कलम उघडतो. कारण हक्क कितीही उदारपणे लिहिलेला असो, तो कोणाला मिळावयाचा हे व्याख्येने आधीच ठरवून टाकलेले असते. आपल्या देशातील कामगारविषयक कायद्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. नोकरीवरून कमी करण्यापूर्वी नोटीस, कपातीची नुकसानभरपाई, न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा अधिकार, उपदान, हे सारे हक्क एका नावाला बांधलेले आहेत. ते नाव लागले तर हक्क लागले. ते नाव नाकारले गेले तर श्रम तेच, घाम तोच, परंतु दाद मागण्याची जागा मात्र नाहीशी होते.

कामगारांच्या हक्कांविषयी जे लेखन आपल्याकडे होते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, वकिलांसाठी लिहिलेली कलमवार भाष्ये. दुसरे, चळवळीच्या गरजेतून लिहिलेल्या पुस्तिका. पहिल्यात व्याख्या गृहीत धरलेली असते, दुसऱ्यात ती वगळलेली असते. व्याख्येची भाषा म्हणून चिकित्सा, म्हणजे तिच्यातील शब्द कोठून आले, ते काय सामावून घेतात, काय बाहेर ठेवतात आणि का, अशा प्रकारचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा अल्पसा प्रयत्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध हा जर आपल्या शास्त्राचा विषय असेल, तर ज्या शब्दाच्या अर्थावर माणसाची भाकरी अवलंबून आहे तो शब्द त्या शास्त्राच्या कक्षेत यावयास हवा.

२

मराठीत श्रम करणाऱ्याला असलेली नावे पाहिली तर त्यांत एक इतिहासच साठलेला दिसतो. ‘चाकर’, ‘नोकर’, ‘मजूर’, ‘बिगारी’ हे शब्द फारसीच्या वाटेने आले. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘गडी’, ‘बलुतेदार’ हे शब्द गावगाड्यातले. यांपैकी ‘चाकर’ आणि ‘गडी’ या शब्दांत व्यक्तीचे व्यक्तीशी असलेले नाते प्रमुख आहे. चाकर म्हटला की धनी आलाच. ‘मजूर’ या शब्दात मोबदला प्रमुख आहे. ‘बिगारी’ या शब्दात मोबदल्याचा अभाव. ‘कामगार’ या शब्दात मात्र धनी नाही आणि मोबदलाही नाही. त्यात केवळ काम आहे. माणसाची ओळख त्याच्या धन्यावरून न करता त्याच्या कामावरून करणारा हा शब्द गिरण्यांच्या मुंबईत रुळला आणि संघटनेचा शब्द झाला, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

कायद्याच्या इतिहासात मात्र श्रमिकाचा प्रवेश फारसा सन्मानाचा नव्हता. १८५९ च्या करारभंगविषयक कायद्यान्वये उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येई आणि आदेश न पाळल्यास त्याला सक्तमजुरीच्या कैदेत धाडता येई. धन्याने करार मोडला तर तो दिवाणी दावा. मजुराने मोडला तर फौजदारी गुन्हा, अशी ही विषम मांडणी होती. तो कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते प्रामुख्याने बालकामगारांना; प्रौढ कामगाराच्या तासांविषयी तो मौन होता.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन तयार केले त्याचे महत्त्व लक्षात येते. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या त्या निवेदनात आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेतन ठरावीक तारखेपर्यंत मिळणे आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई अशा मागण्या होत्या. मागण्या साध्या होत्या. परंतु त्या मांडताना ‘आम्ही’ हा जो कर्ता उभा राहिला तो पूर्वी नव्हता. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. हक्काच्या आधी नाव यावे लागते, आणि ते नाव ज्याचे त्याने घ्यावे लागते, याचे हे आपल्या इतिहासातील पहिल्या उदाहरणांपैकी एक होय.

३

स्वातंत्र्याच्या वर्षी औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अस्तित्वात आला. त्यातील दोन व्याख्यांभोवती पुढील पाऊणशे वर्षांचा वाद फिरत राहिला : ‘उद्योग’ म्हणजे काय आणि ‘कामगार’ म्हणजे कोण. पहिली व्याख्या पार केल्याशिवाय दुसरीपर्यंत पोहोचता येत नसे. कारण कामगार हा उद्योगातच असावा लागे.

१९६० साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतील जे. जे. रुग्णालय समूहातील दोन सेविकांचे प्रकरण आले. त्यांना कामावरून कमी करताना कायद्याने सांगितलेली भरपाई दिली गेली नव्हती. सरकारचे म्हणणे असे की, रुग्णालय हा उद्योगच नव्हे. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निर्णयाने हे म्हणणे फेटाळले. नफ्याचा हेतू असणे हे उद्योगाचे आवश्यक लक्षण नाही, असे त्यात ठरले आणि त्या दोन सेविकांना कायद्याचे दार उघडले. परंतु याच न्यायमूर्तींनी १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात शिक्षणसंस्था हा उद्योग नव्हे असा निर्णय दिला. तेथे दाद मागणारे अध्यापक नव्हते. विद्यापीठाच्या बसगाड्यांचे चालक होते. शिक्षण हे व्यक्तिमत्त्व घडविण्याचे कार्य असल्याने त्याला उद्योगाचे माप लावता येणार नाही, ही त्या निर्णयामागील भूमिका. भूमिका उदात्त आहे. पण तिचे परिणाम भोगावे लागले ते गाडी चालविणाऱ्याला. विद्यादानाचे पावित्र्य राखण्याचा खर्च चालकाच्या नोटिशीतून आणि भरपाईतून वसूल केला गेला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

येथे भाषेच्या दृष्टीने घडले ते असे. ‘शिक्षण’ या शब्दाची प्रतिष्ठा इतकी मोठी की संस्थेचे नाव तिच्या पोटातील प्रत्येक कामावर पसरले. चालकाचे काम चालकाचेच राहिले, परंतु ते ‘विद्यापीठातले’ असल्यामुळे ते आता कायद्याच्या दृष्टीने काम उरले नाही. अशा प्रतिष्ठित शब्दांची सावली पुढेही आपल्याला भेटणार आहे.

१९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने ही सावली बरीचशी दूर केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निर्णयात तीन कसोट्या सांगितल्या : कार्य पद्धतशीर असावे, ते मालक व कामगार यांच्या सहकार्याने चालावे, आणि मानवी गरजा वा इच्छा पुरविणाऱ्या वस्तूंची वा सेवांची निर्मिती वा वाटप त्यातून व्हावे. या कसोट्यांवर रुग्णालये, विद्यापीठे, धर्मादाय संस्था यांपैकी बहुतेक उद्योगच ठरली. निर्णयाचा रोख संस्थेच्या उद्देशाकडून तेथील श्रमसंबंधाकडे वळलेला आहे, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. संसदेने १९८२ च्या दुरुस्तीने रुग्णालये, शिक्षणसंस्था इत्यादींना वगळणारी नवी व्याख्या मंजूर केली. परंतु ती व्याख्या कधीच अमलात आणली गेली नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात एक व्याख्या छापलेली आणि व्यवहारात दुसरी चालू, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. १९७८ च्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न २००५ मध्ये वरच्या पीठाकडे सोपविला गेला आणि २०१७ मध्ये तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला. एका शब्दाचा अर्थ निश्चित करण्यास राष्ट्राचे सर्वोच्च न्यायपीठ इतका काळ घेते, यात शब्दाची संदिग्धता जितकी कारण आहे तितकेच त्या शब्दावर अवलंबून असलेले हितसंबंधही कारण आहेत.

‘उद्योगा’चे दार उघडल्यावर ‘कामगारा’चे दार पुढे उभे राहिले. १९४७ च्या अधिनियमाने कामगाराची व्याख्या करताना कामाचे प्रकार मोजून दिले होते : अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक, लेखनिकाचे, पर्यवेक्षणाचे इत्यादी. ही यादी दुरुस्त्यांनी वाढत गेली. यादीने व्याख्या करण्याच्या पद्धतीत एक दोष असतो. जे यादीत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानले जाते. १९८८ मध्ये गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात हा दोष स्पष्ट झाला. शाळा हा उद्योग आहे हे न्यायालयाने मान्य केले. परंतु शिक्षिकेचे काम अंगमेहनतीचे नाही, लेखनिकाचे नाही, आणि कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने कुशल वा तांत्रिकही नाही, म्हणून ती कामगार नाही, असा निष्कर्ष निघाला. शाळेतील शिपाई कामगार, लेखनिक कामगार, आणि ज्यांच्यासाठी शाळा आहे त्या मुलांना शिकविणारी व्यक्ती मात्र या कायद्यापुरती कोणीच नाही, अशी ही विचित्र परिणती आहे. १९९४ मध्ये औषधविक्री प्रतिनिधींच्या बाबतीतही याच तर्कपद्धतीने त्यांना व्याख्येबाहेर ठेवले गेले.

पर्यवेक्षकाच्या बाबतीत तर व्याख्या रुपयांवर येऊन ठेपली. पर्यवेक्षणाचे काम करणारा दरमहा ५०० रुपयांपर्यंत वेतन घेत असेल तर कामगार, त्यापुढे नाही, अशी १९५६ च्या दुरुस्तीने घातलेली मर्यादा पुढे १,६०० वर, २०१० मध्ये १०,००० वर आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये १८,००० वर नेण्यात आली. मर्यादा कोठेतरी असावीच लागते हे मान्य करूनही असे म्हणता येईल की, वेतनात एक रुपयाची वाढ मिळाल्याने ज्याचे हक्क कमी होतात असा माणूस या व्याख्येने निर्माण केला. दोन दुरुस्त्यांच्या मधल्या काळात महागाईने वेतनाचे आकडे जसजसे फुगत गेले तसतसे, कोणताही नवा कायदा न करता, असंख्य माणसे व्याख्येबाहेर पडत गेली.

४

यानंतरचा प्रश्न अधिक गहन आहे. काम व्याख्येतले असले तरी ते कोणासाठी, म्हणजे धनी कोण?

१९५६ मध्ये सौराष्ट्रातील मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऐकले. अगरिया आपल्या कुटुंबासह जमिनीच्या तुकड्यावर मीठ पिकवी. कामाचे तास ठरलेले नव्हते. मोबदला मिठाच्या वजनावर मिळे. मदतीला तो दुसरी माणसेही लावू शके. कंपनीच्या मते तो स्वतंत्र कंत्राटदार होता. न्यायालयाने नियंत्रणाची कसोटी लावली. काम काय करावे एवढेच नव्हे, तर ते कसे करावे हेही सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे तो मालक. मिठागरावरील प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. म्हणून अगरिया कामगार ठरला. १९७३ मध्ये शिवणकामाच्या दुकानातील नगावर काम करणाऱ्या शिंप्यांच्या बाबतीत न्यायालय आणखी पुढे गेले : नियंत्रण ही एकमेव कसोटी नव्हे, यंत्र कोणाचे, माल कोणाचा, नापसंत शिलाई परत करण्याचा अधिकार कोणाचा, हेही पाहावयास हवे. १९७८ मध्ये केरळातील दोरखंडाच्या कारखान्यातील कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कागदोपत्री व्यवस्थेचा पडदा बाजूला सारून आर्थिक वास्तव पाहण्यास सांगितले. कामगाराची उपजीविका ज्याच्या हाती तो त्याचा मालक, मधले कंत्राटदार कितीही असोत.

या तीन निर्णयांतून एक विचारधारा तयार होत होती असे वाटते. परंतु ती अखंड वाहिली नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याने कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला. ती बंद झाल्यावर त्या कामगारांचे काय, हे मात्र सांगितले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आपोआप मूळ आस्थापनेचे कामगार होतील असे म्हटले. २००१ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय उलटविला. कंत्राट खोटे व केवळ दिखाऊ आहे असे सिद्ध झाले तरच ते मूळ आस्थापनेचे कामगार, अन्यथा पद्धत बंद होताच त्यांची नोकरीच संपुष्टात, असा अर्थ शिल्लक राहिला. ज्या कायद्याने रोग बरा करावयाचा त्यानेच रोग्याला निरोप द्यावा असा हा प्रकार झाला.

महाराष्ट्रापुरती आणखी एक अडचण २००१ मध्येच उभी राहिली. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा आपल्या राज्याचा १९७१ चा अधिनियम हा कामगाराला स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग देतो. औद्योगिक विवादासाठी शासनाच्या संदर्भाची वाट पाहावी लागे तशी येथे पाहावी लागत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, मालक-कामगार हे नातेच जर वादग्रस्त असेल तर या कायद्याखालील तक्रार चालणार नाही. ते नाते आधी अन्यत्र प्रस्थापित करून यावे. तांत्रिक दृष्ट्या या निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु व्यवहारात त्याचा परिणाम काय होतो? तक्रारीला उत्तर देताना मालकाने ‘हा आमचा कामगार नाही’ एवढे एक वाक्य लिहिले की जलद मार्ग बंद होतो. नाव नाकारणे हा पूर्वी बचावाचा एक मुद्दा होता. आता तो मुख्य बचाव होऊन बसला.

तरीही ही वाट सर्वस्वी बंद नाही. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाबतीत कंत्राट हा केवळ देखावा आहे असा निष्कर्ष औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये काढला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कामगार पालिकेचेच असल्याचे मुख्यतः मान्य केले. शहराचा कचरा रोज उचलणारी माणसे शहराची आहेत हे सिद्ध करण्यास इतकी वर्षे जावीत, यावरून सिद्धतेचा भार कोणाच्या खांद्यावर आहे हे कळून येते.

५

आता ज्या प्रतिष्ठित शब्दांचा मागे उल्लेख केला त्यांकडे वळू. आजच्या श्रमव्यवहारात ‘कामगार’ हा शब्द टाळण्यासाठी वापरले जाणारे शब्द बहुधा मोठे गोड आहेत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील स्त्रीला ‘सेविका’ म्हटले गेले, तिच्या सहकारिणीला ‘मदतनीस’. ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा ही ‘स्वयंसेविका’. यांना मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. मानधन या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. व्याख्यात्याला, कवीला, परीक्षकाला आदराने जे अर्पण करावयाचे ते मानधन. त्याची मोजदाद श्रमाशी नसते. एकदा मोबदल्याला मानधन म्हटले की तो किमान वेतनाच्या मापाने मोजता येत नाही, कारण माप लावणे हे मानाला शोभणारे नाही. शब्दाने मान वाढविला आणि धन कमी केले.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका या शासकीय पदावर नाहीत असे म्हटले होते. २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात मात्र न्यायालयाने असे ठरविले की, अंगणवाडी हे आस्थापन आहे, सेविकेला मिळणारे मानधन हे उपदानाच्या कायद्यापुरते वेतनच आहे आणि तिला १९७२ च्या अधिनियमाखालील उपदान मिळाले पाहिजे. मानधनाच्या पोटात वेतन दडले आहे हे न्यायालयाने उघड केले. येथे निर्णयाने केलेले काम चांगल्या टीकाकाराचेच आहे. कधी हे काम विधिमंडळही करते. २००४ मध्ये शिक्षक हे उपदान कायद्याच्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत असे ठरताच संसदेने २००९ मध्ये व्याख्याच बदलली आणि ती १९९७ पासून लागू केली. व्याख्या ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. ती बदलता येते, आणि मागील तारखेपासूनही बदलता येते.

गोड शब्दांच्या उलट टोकाला एक कठोर शब्द आहे. मराठवाड्यातून साखर कारखान्यांच्या गाळपाला जाणाऱ्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला; हिशेब लागतो तो कोयत्याचा. हत्याराचे नाव माणसाला लागले, आणि तेही दोन माणसांना मिळून एक. या मोजणीत स्त्री श्रम करते, मोळ्या बांधते, वाहते. परंतु हिशेबाच्या वहीत ती स्वतंत्रपणे येत नाही. जिचे नाव हजेरीपटावर नाही तिने मातृत्वाची रजा कोणाकडे मागावी? १८५९ च्या कायद्यातील उचल येथे आजही जिवंत आहे. फौजदारी कलम गेले, पण उचल फिटेपर्यंत सुटका नाही ही रीत राहिली. बेगार व सक्तीच्या श्रमाला मनाई करणाऱ्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना न्यायमूर्ती भगवती यांनी १९८२ मध्ये, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करावे लागणारे काम हेही सक्तीचे श्रमच होय असे म्हटले होते; कारण भूक हीदेखील सक्तीच आहे. कोयत्याचा हिशेब त्या कसोटीवर एकदा नीट तपासला जावयास हवा.

सर्वांत नवे नाव ‘भागीदार’. दूरध्वनीवरील आज्ञेनुसार जेवण पोहोचविणाऱ्या वा प्रवासी वाहून नेणाऱ्या माणसाला कंपन्या भागीदार म्हणतात. त्याला नफ्याचा वाटा नाही, दर ठरविण्याचा अधिकार नाही. परंतु नाव मात्र मालकाच्या पंक्तीतले आहे. अगरियाला लावलेली नियंत्रणाची कसोटी येथे लावली तर काय दिसेल? कोणते काम, कोणत्या वाटेने, किती वेळात, किती मोबदल्यात, हे सारे कंपनीचे यंत्र ठरविते. काम नाकारल्यास शिक्षाही तेच करते. मिठागरावरील मुकादमाची नजर इतकी बारीक कधीच नव्हती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा वाहनचालकांना कामगाराचे हक्क आहेत असे ठरविले. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने ‘गिग कामगार’ व ‘प्लॅटफॉर्म कामगार’ या नव्या संज्ञा आणल्या आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावे अशी तरतूद केली. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९४७ च्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. या माणसांना कायद्यात नाव मिळाले हे पाऊल पुढचेच आहे. परंतु गिग कामगाराच्या व्याख्येतच ‘पारंपरिक मालक-कामगार संबंधाच्या बाहेर’ काम करणारा असे वर्णन आहे. ज्या प्रश्नाचा निर्णय पुराव्यावरून व्हावयास हवा होता तो व्याख्येने आधीच देऊन टाकला. नाव दिले, आणि त्या नावानेच नाते नाकारले.

६

वर पाहिलेल्या बहुतेक संज्ञा वरून आल्या : विधिमंडळाकडून, मालकाकडून वा मुकादमाकडून. खालून वर गेलेल्या संज्ञेचे एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ याच्या शीर्षकातच कामगारांच्या तोंडचा शब्द आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने हा शब्द विधिमंडळात नेला.

या कायद्याची रचना संज्ञेइतकीच विचारात घेण्याजोगी आहे. बाजारातील हमाल दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवितो. त्याचा मालक कोण हे ठरविण्यात आयुष्य गेले असते. कायद्याने हा प्रश्न सोडविण्याऐवजी ओलांडला. किराणा, कापड, लोखंड, भाजीपाला अशा बाजारांसाठी मंडळे झाली. व्यापाऱ्याची मंडळाकडे नोंद, टोळीची मंडळाकडे नोंद. मजुरी व तीवरील लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचे वेतन, वैद्यकीय साहाय्य द्यावयाचे. हक्क मालकाच्या ओळखीला न बांधता कामाला बांधला गेला. ‘कामगार’ या शब्दात धनी नाही असे आरंभी म्हटले. तो शब्दार्थ कायद्यात उतरला असेल तर तो येथे. राजस्थानने २०२३ मध्ये प्लॅटफॉर्म कामगारांसाठी केलेला मंडळ व कल्याणशुल्क यांवर आधारलेला कायदा याच रचनेची आठवण करून देतो.

या व्यवस्थेत दोष शिरले नाहीत असे नव्हे. माथाडीच्या नावाखाली उद्योगांकडून पैसे उकळण्याच्या तक्रारी होत आल्या आहेत, आणि नोंदणीबाहेरचा हमाल आजही असंरक्षित आहे. परंतु हे दोष अंमलबजावणीचे आहेत. मूळ कल्पनेचे नाहीत.

७

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. व्याख्या सैल केल्या तर कायद्याला निश्चिती राहणार नाही, आणि निश्चिती नसेल तर मालक व कामगार दोघांचेही नुकसान. १९७८ च्या निर्णयानंतर जी दीर्घ अनिश्चितता राहिली ती या आक्षेपाला बळ देते. शिवाय एखाद्या लहान धर्मादाय संस्थेला आणि मोठ्या कारखान्याला एकच नियम लावणे न्याय्य नाही, हेही खरे. २०२० च्या संहितेने धर्मादाय व समाजसेवी संस्था आणि घरगुती सेवा यांना ‘उद्योगा’तून वगळले त्यामागे हाच विचार असावा.

आक्षेप निर्हेतुक नाही; परंतु त्याचे उत्तर व्याख्या आवळणे हे नव्हे. हक्क कमीअधिक करता येतात, पायऱ्या ठरविता येतात. दाराशीच माणसाला अडविण्याची गरज नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये महाराष्ट्राने कल्याण मंडळाचा कायदा केला. लाभ तुटपुंजे असले तरी घरकाम हे काम आहे एवढे त्याने लेखी मान्य केले. दुसरे, निश्चितीची किंमत कोणी मोजावयाची हाही प्रश्न आहे. आज संशयाचा फायदा नाव नाकारणाऱ्याला मिळतो. जो दुसऱ्याच्या व्यवसायासाठी प्रत्यक्ष श्रम करतो तो कामगार आहे असे गृहीत धरावे आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर टाकावा, एवढा एक बदल केला तरी व्याख्येचे अर्धे विष उतरेल. हजेरीपट, वेतनाची नोंद, कंत्राटाचे कागद हे सारे मालकाच्या कपाटात असतात. ते ज्याच्याकडे आहेत त्यानेच ते दाखवावेत यात अन्याय नाही.

शेवटी ही चर्चा आपल्या दाराशी आणून सोडणे भाग आहे. हे पत्रक ज्यांच्या हाती जाईल त्यांपैकी अनेकजण महाविद्यालयांत ‘घड्याळी तासिका तत्त्वावर’ शिकवीत असतील, किंवा पदव्युत्तर पदवी हाती पडताच त्या रांगेत उभे राहतील. त्यांच्या नावापुढे ‘प्राध्यापक’ लागते, मोबदला तासावर, उत्तरपत्रिका तपासणे, तयारी करणे, विद्यार्थ्यांच्या शंका सोडविणे यांचा तास घड्याळात नसतो, आणि सुटीचे दिवस हे वेतनाचेही सुटीचेच. १९८८ च्या निर्णयाप्रमाणे शिकविणारा कामगार नाही, आणि २०२० च्या संहितेतील कामाची यादीही त्याच वळणाची आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना समान कामासाठी समान वेतनाच्या तत्त्वावर दिलासा दिला आणि गुरूची स्तुती करून त्याला तुटपुंजे वेतन देण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. दिल्ली विद्यापीठाच्या चालकाला ज्या उदात्त शब्दाने बाहेर ठेवले, तोच शब्द आज अध्यापकालाही बाहेर ठेवीत आहे.

आपण शब्दांचे अभ्यासक आहोत. एखाद्या कवितेतील विशेषणावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या नियुक्तिपत्रातील शब्द त्याच बारकाईने वाचले आहेत? ‘मानधन’, ‘तात्पुरता’, ‘तत्त्वावर’ या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम केवळ वकिलांवर सोपविणे आपल्या विद्येला शोभणारे नाही. लोखंड्यांच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या साडेपाच हजारांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नसावी. तरीही आपल्याला काय म्हटले जाते आणि काय म्हटले जावे, हे त्यांना कळले होते.